निचरा हे एकट्याचे काम नव्हे

पाणी हे शेतीचे जीवन होय, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु मुळांशी तुंबून राहिलेले पाणी पिकाचा श्वास कोंडते, याची आठवण मात्र आपण तितक्या तत्परतेने ठेवीत नाही.

आंबोलीजवळ उगम पावणारी हिरण्यकेशी आणि तिला आजऱ्याजवळ मिळणारी चित्री या नद्यांच्या खोऱ्यांत पाऊस दांडगा पडतो. माळावर मुरलेले पाणी डोंगरपायथ्याशी पाझररूपाने वर येते व खालच्या खोलगट वावरांत साठते. भातास हे पाणी मानवते. ज्या आजरा घनसाळ तांदळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे नाव याच तालुक्याशी जोडलेले आहे. म्हणून प्रत्येक ओली जागा कोरडी करावी, असे माझे मुळीच म्हणणे नाही. जेथे भात उत्तम पिकतो तेथे भातच राहू द्यावा. मात्र जेथे भाताच्या जागी बारमाही ऊस आला, तेथे पावसाळ्यानंतर जमिनीस मिळणारी उसंत संपली. वरच्या शेतात दिलेले जास्तीचे पाणी खालच्या शेतात झिरपते आणि चांगली जमीन चिबड होते.

याचा शेवट कोठे होतो, हे पाहण्यास जिल्ह्याबाहेर जावयास नको. शिरोळ तालुक्यात काळ्या, खोल जमिनींत उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिले गेले. भूजल वर चढले, त्याबरोबर क्षारही वर आले व हजारो एकर जमीन नापीक झाली. आजऱ्याच्या पावसात क्षार बहुतांशी धुऊन जातात. त्यामुळे येथे खारवटपणाचे भय कमी, परंतु चिबडपणाचे भय कमी नाही.

शिरोळकरांनी काढलेला मार्ग अभ्यासण्याजोगा आहे. श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने तेथील शेतकरी गावोगाव एकत्र आले. त्यांनी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घातल्या आणि सर्वांचे पाणी सामाईक नळीवाटे ओढ्यास वा नदीस नेले. पडीक जमिनीत पुन्हा पीक उभे राहिले. नळी कोणासही विकत घेता येते. परंतु पाणी बाहेर जाण्याची वाट शेजाऱ्याच्या शेतातून जाते, आणि ती वाट पैशाने नव्हे, संमतीने मिळते.

परदेशातील अनुभवही हेच सांगतो. इटलीत रोमच्या दक्षिणेस पाँटाइन नावाचा दलदलीचा सपाट प्रदेश आहे. तो सुकविण्याचे तुटक प्रयत्न शतकानुशतके फसले. १९३० नंतरच्या दशकात संपूर्ण प्रदेशाची एकच योजना आखून कालवे खोदले, पंप बसविले व शेतकरी कुटुंबे वसविली, तेव्हा यश आले. पुढे १९४३-४४ साली, महायुद्धात, जर्मन सैन्याने पंप बंद पाडून तो भाग पाण्याखाली घातला. लगेच हिवताप पुन्हा उसळला. अर्थात, निचरा एकदा करून सोडून देण्याचे काम नव्हे. चर दरवर्षी उपसला नाही तर दलदल आपली जागा परत घेते.

काही शेतकरी बंधू म्हणतात, “आमच्या शेताचे पाणी आम्ही काढू, गावाचा त्यात काय संबंध?” त्यांनी आपला चर कोठे संपतो ते पाहावे. पुष्कळदा तो खालच्या शेतकऱ्याच्या बांधाशी संपतो. मग एकाची जमीन सुधारते आणि दुसऱ्याची बुडते. उलट खालचा शेतकरी चरास जागा देण्यास नाकारतो, तेव्हा त्यास केवळ आडमुठा म्हणून भागणार नाही. चराखाली जाणारी जमीन त्याची आणि लाभ मात्र सर्वांचा! ज्यांच्या शेताचे पाणी त्या चरातून जाणार आहे, त्यांनी वर्गणी करून त्यास योग्य मोबदला देणे हेच न्यायाचे होय.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नळ्यांच्या चौकशीपूर्वी पुढील कामे हाती घ्यावीत. पावसाळ्यानंतर चिबड वावरांत कमरेइतके खोल खड्डे घेऊन पाणी किती खोलीवर लागते ते दर महिन्यास नोंदवावे. गावनकाशावर पाझर, ओढे व बुजलेले जुने नाले दाखवावेत. ग्रामसभेत मुख्य चराचा मार्ग, मोबदला आणि वार्षिक साफसफाईची वर्गणी लेखी ठरवावी. डोंगराकडून पाझर येत असेल तेथे पायथ्याशी उताराला आडवा चर प्रथम खोदावा. पुष्कळ ठिकाणी एवढ्यानेच भागते. उरलेल्या जागीच नळ्यांचा खर्च करावा. माती परीक्षण करून घ्यावे आणि वरच्या शेतकऱ्यांनी उसास ठिबकने, बेताचे पाणी द्यावे.

नवी जमीन आता कोठून आणणार? आहे तीच जमीन चिबड होऊ न देणे हाच भूमिसंपादनाचा आपल्या हातातील मार्ग आहे. त्याचा आरंभ खोदाईने नव्हे, तर बांधाच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसण्याने होतो.