मशीन नको, नोंद हवी

मेहकर आणि लोणार तालुक्यांतल्या बंजारा तांड्यांवरून अलीकडे आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आहे. पीएम विश्वकर्मा योजनेचा अर्ज भरायला गेलेल्या, हातभरतकाम करणाऱ्या भगिनींना सेवा केंद्रावर विचारलं जातं, "व्यवसाय कोणता टाकू?" यादीत 18 व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, हार करणारे, एवढंच काय, मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. हातभरतकाम नाही. मग केंद्रचालक 'शिंपी' टाकून मोकळा होतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. तिथे विचारतात, तुमची मशीन दाखवा. मशीन नाही म्हटलं की अर्ज बाजूला. एका भगिनीनं आरसेकामाचे चार बटवे टेबलावर मांडले, तर "हा तर घरातला छंद झाला" असं उत्तर मिळालं. ज्यांचा अर्ज पुढे सरकतो त्यांना पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये विद्यावेतन आणि साधनांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. पैसा कमी नाही, पण तो जातो कुठे? प्रशिक्षणात मापं घेणं, ब्लाऊजचं कटिंग, मशीनला तेल घालणं. व्हाउचरची मशीन येते. कांचळीवर, म्हणजे चोळीवर, आरसे बसवण्यात हयात गेलेल्या बाईच्या घरात ती मशीन कोपऱ्यात उभी राहते.

आरसा बसवणं म्हणजे काय, हे त्या अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी एकदा शेजारी बसून पाहावं. आधी आरशावरून आडवे-उभे चार धागे टाकून चौकट बांधायची, मग त्या धाग्यांना धरून गोल काज टाका फिरवायचा. चौकट जरा सैल राहिली की दुसऱ्या धुण्यात आरसा निसटतो. जास्त ताणली की कापड चुण्या धरतं. हे मशीनवर होत नाही. या कामाला लागतात त्या चांगल्या सुया, अंगुस्तान, बारीक टोकाची कात्री, पक्क्या रंगाचा धागा, खऱ्या काचेचे आरसे आणि रात्री डोळे न ताणता काम करता येईल असा दिवा. 15,000 रुपयांत हे सगळं येऊन वर वर्षभराचा धागा उरेल. पण 'शिंपी' म्हणून नोंद झाली की त्याचा विचारच होत नाही.

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडून 2016 पासून कारागिरांना 'पहचान' ओळखपत्र मिळतं आणि तिथे हातभरतकाम ही मान्य कला आहे. विश्वकर्मा योजना सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची. एकाच दिल्लीत एका इमारतीत आपण कारागीर आणि दुसऱ्या इमारतीत आपली नोंदच नाही! त्यात एका कुटुंबातून एकच लाभार्थी, हा नियम. नवऱ्यानं गवंडी म्हणून अर्ज केलेला असला की बायकोच्या सुईचा विषय संपला. तिचं काम स्वतंत्र, तिची कमाई स्वतंत्र, मग नोंद का नाही?

हे अधिकाऱ्यांचं झालं. आता आपलं. आपल्यापैकी किती जणींनी 'पहचान' काढलं आहे? गटाच्या बैठकीत विचारलं की माना खाली जातात. दोन दिवस लागणारा बटवा शेगावच्या दुकानदाराला कापडाच्या किमतीत देऊन टाकायचा आणि सुरतेच्या मशीनच्या मालानं बाजार खाल्ला म्हणून रडायचं, हे किती वर्षं चालणार? कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला 2010-11 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं. तेही आपल्याच गोर बंजारा समाजाचं काम. तसं मानांकन नुसतं मागून मिळत नाही. टाके, नमुने, वापर, परंपरा, सगळं कागदावर आणावं लागतं. आपल्याकडे आजीच्या फेटियावरचे, म्हणजे घागऱ्यावरचे, टाके नातीनं उतरवून ठेवलेले नाहीत. फेटिया जीर्ण झाला की चिंध्यांत जातो आणि त्याबरोबर नमुनाही जातो.

म्हणून या महिन्यात प्रत्येक गटानं कामाला लागावं. आपल्याकडचा एक जुना आणि एक नवा नग निवडा. सुलट बाजूचा आणि उलट बाजूचाही फोटो काढा. हातकाम आहे की मशीनचं, हे उलट बाजूच सांगते. कोणता टाका, किती तास, धाग्याला आणि आरशांना किती खर्च, हे लिहून काढा. वही नसेल तर कॅलेंडरच्या मागे लिहा, पण लिहा. तोरण, बटवा, उशीचा अभ्रा, मोबाइलची पिशवी, काहीही चालेल. याच नोंदी जोडून आपण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा अंमलबजावणी समितीकडे दोन मागण्या नेणार आहोत : हातभरतकाम हा स्वतंत्र व्यवसाय यादीत घ्यावा, अशी शिफारस वर पाठवावी, आणि तोवर शिंपी म्हणून नोंदलेल्या हातकामवाल्यांसाठी प्रशिक्षणाची वेगळी तुकडी घ्यावी, जिथे शिकवणारीही सुई धरणारीच असेल.

ज्यांचे अर्ज बाजूला पडले आहेत त्यांनी पुन्हा ग्रामपंचायतीत जावं आणि नकाराचं कारण लेखी मागावं. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. त्या कागदाची एक प्रत गटाच्या फाइलला लावा आणि एक आमच्याकडे पाठवा.