आजोबांचा पलंग हलवताना

परीक्षा आटोपून बदल्यांच्या ऑर्डरी निघाल्या की वर्ध्यात दारोदार छोटा हत्ती उभा दिसतो. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी असेच भर उन्हाळ्यात वर्ध्याहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. तिथलं घर पाचशे रुपयांच्या आत उभं राहावं, ही त्यांची अट होती. बापूकुटीत आजही बैठकीपलीकडे फारसं सामान दिसत नाही. आपल्या घरात मात्र आजोबांचा सागवानी पलंग असतो, आणि तो धड नेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. खोलण्याआधी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना खडूनं एकच आकडा टाका. नट-बोल्ट, वायसर फडक्यात बांधून ती पुरचुंडी पलंगाच्या फळीलाच सुतळीनं आवळा. खिशात ठेवलेलं हमखास हरवतं. पॉलिशवर थेट प्लास्टिक गुंडाळू नका, इथल्या उन्हात ते चिकटून पॉलिश खराब होतं. आधी आईचं जुनं सुती लुगडं, मग गोधडी. लोखंडी कपाटाचा आरसा काढून वेगळा, उभाच न्या. आणि जमलं तर मृगाआधीच हलवा: पावसात लाकूड फुगलं की टेबलाचे खण महिनोन्महिने उघडत नाहीत.