पक्ष चिटणीसांचा, वारसा घराण्याचा

शेतकरी कामगार पक्षाची रायगड जिल्ह्यातील पडझड हा आता एखाद्या निवडणुकीपुरता विषय राहिलेला नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत शेकापचे राज्यात चार आमदार निवडून आले आणि त्यांपैकी अलिबाग, पेण व उरण हे तीन मतदारसंघ रायगडचे होते. २०१४ मध्ये जिल्ह्यातील आमदारांची संख्या दोनवर आली. २०१९ आणि २०२४ मध्ये ती शून्य झाली. जुलै २०२४ मध्ये पक्षाचे सरचिटणीस जयंत पाटील यांचा विधान परिषदेच्या निवडणुकीत पराभव झाला. एप्रिल २०२५ मध्ये त्यांचे बंधू, माजी आमदार सुभाष ऊर्फ पंडित पाटील आणि भाचे आस्वाद पाटील यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. पेणचे माजी आमदार धैर्यशील पाटील त्याआधीच भाजपमध्ये जाऊन राज्यसभेचे सदस्य झाले होते. पनवेलच्या म्हात्रे पितापुत्रांनीही २०२५ मध्येच तीच वाट धरली.

या घडामोडींचे विश्लेषण बहुधा 'पाटील कुटुंबातील वाद' या चौकटीत केले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. खरा प्रश्न असा की, मार्क्सवादाला तात्त्विक अधिष्ठान मानणाऱ्या आणि व्यक्तीपेक्षा समिती श्रेष्ठ असे सांगणाऱ्या पक्षाचे भवितव्य एका कुटुंबातील मतभेदांवर का अवलंबून राहावे? कर्जत आणि खालापूर या अंतर्भागातील तालुक्यांकडून पाहिल्यास या प्रश्नाचे उत्तर अधिक स्पष्ट दिसते.

चीनमधील पिढ्यांचा हिशेब

साम्यवादी परंपरेत नेतृत्वाची मोजदाद पिढ्यांनी करण्याची प्रथा चीनने रूढ केली. १९८९ नंतर डेंग शियाओपिंग यांनी माओंना पहिल्या, स्वतःला दुसऱ्या आणि जियांग झेमिन यांना तिसऱ्या पिढीचे केंद्र ठरवले. हू जिंताओ व वेन जियाबाओ यांची चौथी पिढी २००२ मध्ये पक्षाच्या नेतृत्वावर आली आणि २०१२ मध्ये पायउतार झाली. तिच्या काळात पॉलिट ब्युरोच्या स्थायी समितीत नऊ सदस्य होते. निर्णय सामूहिक आणि सरचिटणीस हा समकक्षांतील पहिला, अशी ती रचना होती. अडुसष्ट वर्षे झालेल्या नेत्याला नव्याने घ्यायचे नाही, हा अलिखित दंडकही बव्हंशी पाळला जात असे. प्रांताचा कारभार हाताळलेल्या नेत्यांना पायरीपायरीने वर आणले जाई.

ही व्यवस्था लोकशाहीची नव्हती. मतदाराला तिच्यात स्थान नव्हते. तरीही पुढचा नेता कोण आणि तो कधी येणार, या प्रश्नाला तिच्याकडे काही काळ उत्तर होते. २०१८ मध्ये अध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा रद्द झाली आणि २०२२ मध्ये शी जिनपिंग तिसऱ्यांदा सरचिटणीस झाले, तेव्हा हे उत्तरही पुसले गेले. दंडक लिखित असो वा अलिखित, त्याला जाब विचारणारी शक्ती पक्षात नसेल तर तो टिकत नाही, हा त्यातील धडा आहे.

दाभाडीपासून अलिबागपर्यंत

शेकापचा उगम चीनमध्ये नाही, महाराष्ट्राच्या मातीत आहे. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी नेत्यांनी १९४७ मध्ये काँग्रेसअंतर्गत शेतकरी कामगार संघ काढला आणि १९४८ मध्ये तो स्वतंत्र पक्ष झाला. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. पक्षरचनाही त्याच वळणाची झाली. अधिवेशन, मध्यवर्ती समिती, सरचिटणीस, जिल्हा चिटणीस, तालुका चिटणीस अशी ती उतरंड आहे. कार्यकर्ते एकमेकांना 'भाई' म्हणतात, त्यामागेही पदापेक्षा समतेला महत्त्व देणारी भावना होती.

संस्थापक पिढीतील जेधे-मोरे हे पुढे काँग्रेसमध्ये परतले, तरी पक्ष संपला नाही. याचे कारण जिल्ह्याजिल्ह्यांत लढ्यांतून तयार झालेली माणसे होती. कुलाबा जिल्ह्यात नारायण नागू पाटील यांनी १९३३ पासून चालवलेल्या चरीच्या शेतकरी संपाने खोतीविरोधी चळवळीचा पाया घातला होता. त्यावर प्रभाकर पाटील, दत्ता पाटील, दि. बा. पाटील यांची पिढी उभी राहिली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील १९८४ च्या उरण-पनवेल आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे बळी गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण हे त्या लढ्याचे फलित मानले जाते. पक्षाची ताकद त्या काळी चिटणीस मंडळाच्या ठरावांत नव्हती. ती कुळाच्या आणि प्रकल्पग्रस्ताच्या प्रश्नात होती.

कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणारा मालक होऊ लागला आणि लढ्याचे एक पर्व पूर्ण झाले. त्यानंतर पक्षाचे बळ हळूहळू जिल्हा परिषद, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, शिक्षणसंस्था आणि वृत्तपत्र यांत साठत गेले. या संस्थांनी रायगडच्या ग्रामीण भागाला बरेच काही दिले, हे नाकारता येणार नाही. मात्र संस्था चालवणाऱ्याचा वारस ठरवण्याची आपल्याकडील रीत समितीची नसून घराची आहे. साहजिकच कागदावर पक्ष चिटणीसांचा राहिला आणि व्यवहारात वारसा घराण्याकडे गेला. २०२४ मध्ये अलिबागची उमेदवारी सरचिटणीसांच्या स्नुषा चित्रलेखा पाटील यांना मिळाली आणि माजी आमदार असलेले बंधू दुरावले. सांगोल्यात अकरा वेळा निवडून आलेल्या गणपतराव देशमुखांच्या पश्चात २०२४ मध्ये पक्षाची राज्यातील एकमेव जागा जिंकली, ती त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख यांनी. यश असो वा अपयश, सूत्र एकच राहिले.

घाटपायथ्याचा अनुभव

कर्जत-खालापूरला अलिबागसारखे नेतृत्वाचे घराणे नव्हते. सावकारशाहीविरुद्ध शेतकरी व आदिवासींना संघटित करणारे माथेरानचे भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्याचा वारसा शेकापच्याही आधीचा आहे. खोपोलीत टाटांचे वीजकेंद्र १९१५ पासून असल्याने कामगारवर्गही येथे जुना आहे. शेतकरी आणि कामगार या दोन्ही शब्दांना अर्थ असलेला हा भाग होता.

२०१४ च्या निवडणुकीत कर्जतमध्ये शेकापचे उमेदवार महेंद्र थोरवे राष्ट्रवादी काँग्रेसच्या सुरेश लाड यांच्याकडून दोन हजारांहून कमी मतांनी पराभूत झाले. २०१९ मध्ये हेच थोरवे शिवसेनेच्या चिन्हावर आमदार झाले आणि २०२४ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेकडून पुन्हा निवडून आले. मते पक्षाची होती की उमेदवाराची, याचा निकाल त्यात लागला. विजयाच्या उंबरठ्यावर पोहोचलेला उमेदवार पक्षाला टिकवता आला नाही आणि त्याच्या जागी दुसरा उभा करता आला नाही. मतदारसंघ पुनर्रचनेनंतर २००९ पासून कर्जत लोकसभेसाठी मावळला जोडला गेला, त्यामुळे अलिबागशी असलेला राजकीय धागाही सैल झाला.

दरम्यान प्रश्न मात्र संपलेले नाहीत. द्रुतगती महामार्ग झाल्यानंतर जमिनीचा भाव वाढला आणि कालचा कूळ आजचा जमीन विक्रेता झाला. विकलेल्या जमिनीवरच्या फार्महाऊसवर त्याच घरातील मुलगा रखवालदार असल्याचे चित्र नवे नाही. ठाकर, कातकरी वाड्यांच्या सुरक्षित जागेचा व वनजमिनीच्या हक्काचा प्रश्न कायम आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. तेव्हा डोंगरउतारावरील वाड्यांचे वास्तव साऱ्या राज्याने पाहिले. हे प्रश्न सातत्याने मांडणारी संघटना ही या भागाची आजही गरज आहे.

म्हणून शेकापपुढील प्रश्न केवळ कोणत्या आघाडीत जावे, एवढाच नाही. तालुका चिटणीसाला उमेदवार ठरवण्यात खरोखर किती अधिकार, बँक व शिक्षणसंस्थांच्या बाहेरचा तरुण मध्यवर्ती समितीत कसा येणार आणि नेत्याने पद केव्हा सोडावे, हे नियमाने ठरवण्याचा आहे. पिढी केवळ वयाने बदलत नाही, ती लढ्यातून घडते आणि रचनेतून वर येते. चीनमध्ये मतदारच नसल्याने पक्षाला रचना मोडूनही सत्ता राखता आली. रायगडात मतदार आहे आणि त्याने २०१९ व २०२४ मध्ये सलग दोनदा आपला कौल स्पष्टपणे दिला आहे.