टॅली सोडण्याआधी थोडं थांबा

लॅपटॉप घेऊन एक तरुण तुमच्या केबिनमध्ये येतो. पडद्यावर रंगीत आलेख, मोबाइलवर मालकाला बसल्या जागी सगळं दिसणार, एक बटण दाबलं की नफा-तोटा. तासाभरात तुम्हाला वाटायला लागतं की इतकी वर्षं आपण अंधारातच धंदा केला. संध्याकाळी सीएंना फोन लावता, तर ते म्हणतात, "कशाला नसती भानगड? टॅली आहे की." दोघंही मनापासून बोलत असतात. अडचण एवढीच की दोघांपैकी कुणीही तुमच्या स्टोअरमध्ये पाय ठेवलेला नसतो.

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठेही असा, पंधरा-वीसपासून शंभरेक माणसांचा कारखाना चालवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. साधं अकाउंटिंग सॉफ्टवेअर पुरेल की सगळा धंदा एकाच ठिकाणी बांधणारी ईआरपी हवी, हे ठरवायला आधी या दोघांची कुळं बघा.

टॅली 1986 साली बेंगळुरूत सुरू झालं. श्यामसुंदर गोएंका कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल, यंत्रांचे भाग पुरवायचे. हिशेबासाठी मनाजोगतं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा मुलानं, भरत गोएंका यांनी, ते लिहून दिलं. म्हणजे पेढीवरच्या खतावणीतून आलेलं हे अवजार. ईआरपी आली ती अमेरिकेतल्या कारखान्यांच्या स्टोअरमधून. इतकी यंत्रं बनवायची तर कोणता भाग किती आणि कधी लागेल, याची गणकयंत्रावरची पद्धत 1960 च्या दशकात जोसेफ ऑर्लिकी यांनी बसवली. पुढे तिला खरेदी, उत्पादन, हिशेब, पगार असं एकेक जोडत गेले आणि 1990 मध्ये गार्टनर या अमेरिकी संस्थेनं तिला ईआरपी हे नाव दिलं. आपल्याकडे 2009 साली टॅलीनंच 'टॅली.ईआरपी 9' असं नाव घेतलं, त्यामुळे आपल्याकडे ईआरपी आहेच अशी अनेकांची समजूत झाली. ते आता टॅलीप्राइम आहे, आणि त्याचा जीव आजही व्हाउचरमध्येच आहे.

म्हणून स्वतःला विचारा, रात्री झोप कशानं उडते? पार्टीकडून पैसे किती यायचेत, जीएसटी किती भरायचाय, बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यायचंय, हीच काळजी असेल तर ईआरपीच्या नादी लागू नका. होलसेल व्यापारी, हार्डवेअरचं दुकान, डॉक्टर, वकील, छोटे ठेकेदार यांचं टॅली, बिझी, मार्ग, झोहो बुक्स यांपैकी कशावरही भागतं. झोप उडवणारा प्रश्न 'माल कुठे अडकलाय' हा असेल, तर मात्र पुढे वाचा.

एक साधा जॉब घेऊ. 25 मिमीच्या राऊंड बारमधून 22 मिमी व्यासाची, 100 मिमी लांबीची पिन, 500 नग. कटिंग-फेसिंगला 4 मिमी धरले तर तीन मीटरच्या बारमधून 28 पिना निघतात. 18 बार लागले, म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले 162 या आपल्या नेहमीच्या हिशेबानं साधारण 208 किलो. 504 पिना टर्निंग होऊन निघाल्या, त्यांचं वजन दीडशे किलोच्या आसपास. उरलेले पन्नास-साठ किलो तुकडे आणि टर्निंगचं स्क्रॅप. पिना हीट ट्रीटमेंटला गेल्या. तिथून येताना 12 वाकल्या. मग ग्राइंडिंग, मग प्लेटिंग. प्लेटिंगवाल्यानं 480 परत दिल्या आणि 12 'पुढच्या लॉटमध्ये देतो' म्हणाला. कस्टमरला 480 गेल्या, त्यातल्या 9 रिजेक्ट होऊन आल्या.

आता टॅलीत काय दिसतं? 208 किलोची खरेदी, 480 नगांची विक्री, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगची बिलं. हिशेब चोख आहे, सीए खूश आहेत. पण त्या 12 पिना अजून प्लेटिंगवाल्याकडेच आहेत, वाकलेल्या 12 चे पैसे कुणाच्या नावावर टाकायचे, 9 रिजेक्शनमध्ये दोष ग्राइंडिंगचा की प्लेटिंगचा, स्क्रॅप खरंच तेवढं विकलं गेलं का, हे सगळं सुपरवायझरच्या डोक्यात, चलनबुकात आणि तीन एक्सेल फायलींत विखुरलेलं असतं. सुपरवायझर गावाला गेला की कारखान्याची स्मृतीच रजेवर जाते.

हा नुसता सोयीचा मामला नाही. जीएसटी कायद्यात जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षात परत यावा लागतो. नाही आला, तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात. आयटीसी-04 मध्ये त्याची माहिती द्यायची असते, पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर सहामाही, त्याखाली वर्षातून एकदा. ही माहिती आदल्या रात्री चलनं चाळून भरणारे कारखाने मी पुष्कळ पाहिलेत. त्यात कस्टमरनं दिलेलं फ्री इश्यू मटेरियल असेल तर आणखी घोळ, कारण तो माल तुमच्या छपराखाली असला तरी तुमच्या मालकीचा नाही. तो चुकून तुमच्या स्टॉकमध्ये धरला गेला की ताळेबंद उगाच फुगतो.

तरीही लगेच ईआरपी घेऊ नका. आधी हातात आहे ते वापरून बघा. टॅलीत गोडाऊन उघडता येतात. मग प्रत्येक जॉबवर्करच्या नावाचं एक गोडाऊन उघडा आणि चलन गेलं की माल तिकडे ट्रान्सफर करा. बिल ऑफ मटेरियल आहे, मॅन्युफॅक्चरिंग जर्नल आहे, जॉबवर्कच्या ऑर्डरी आहेत, बॅच नंबर आहे. बहुतेक ठिकाणी हे सगळं बंद पडलेलं असतं, कारण टॅली चालवणारा अकाउंटंट वरच्या मजल्यावर आणि माल खाली. चलन त्याच्याकडे शनिवारी एकगठ्ठा पोहोचतं. तेव्हा सहा महिने एवढंच करा: माल हलला त्या दिवशी, हलला त्या जागी नोंद. स्टोअरवाल्याला एक कॉम्प्युटर द्या. हे जमलं तर निम्मं दुखणं फुकटात बरं होईल. जमलं नाही, तर पंधरा लाखांच्या सॉफ्टवेअरमध्येही नोंद शनिवारीच होणार.

जमलं आणि तरी पुरेना, तेव्हा ईआरपीची वेळ आली समजा. खुणा ओळखू येतात. एकच पर्चेस ऑर्डर तीन जण तीन ठिकाणी टाइप करतात. दुसरं युनिट सुरू झालंय आणि इकडचा माल तिकडे असताना नव्यानं खरेदी होते. वाहन कंपनीचा माणूस ऑडिटला येतो आणि या पिनेचा हीट नंबर, मिलचं सर्टिफिकेट, कोणत्या मशीनवर कोणत्या पाळीत झाली ते दाखवा म्हणतो, आणि तुम्ही फायली शोधायला दोन माणसं पळवता. कोटेशन देताना जॉबचा खरा खर्च माहीत नसतो, म्हणून शेजारच्या प्लॉटवाल्याचा भाव बघून आकडा टाकला जातो. ही शेवटची खूण मला सगळ्यांत गंभीर वाटते. त्यात पैसा रोज थोडा थोडा जातो आणि वर्षअखेरीला नफा-तोटा पत्रकात फक्त एकूण आकडा दिसतो, कोणत्या जॉबनं बुडवलं ते दिसत नाही.

आता खर्चाचं. लायसन्सचा आकडा हा त्यातला लहान भाग. ईआरपीनेक्स्ट घ्या. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीनं बनवलेलं, ओपन सोर्स, लायसन्सला एक पैसा नाही. पण ते तुमच्या कारखान्यात बसवायला माणूस लागतो, सर्व्हर लागतो, आणि तुमचा स्वतःचा वेळ लागतो, जो कोणत्याच कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. सर्वांत किचकट काम मास्टरचं. तुमच्याकडे 'बोल्ट एम 10 x 40', '10 चा बोल्ट', 'हेक्स बोल्ट 10 एमएम' आणि 'बोल्ट मोठा' अशी चार नावं असतील आणि चारही एकच वस्तू असेल. ही सफाई विकणारी कंपनी करू शकत नाही. कोणता बोल्ट कोणता, हे तिला कुठून कळणार? ती तुमच्या स्टोअरवाल्यानं, तुम्ही शेजारी बसून करायची. ऑर्डर देण्याआधीच करा, म्हणजे ईआरपी नाही घेतली तरी वाया जाणार नाही.

दुसरा खड्डा म्हणजे 'आमच्या पद्धतीप्रमाणे बदलून द्या'. जर्मनीतल्या लिडल या सुपरमार्केट साखळीनं एसएपी बसवायला घेतलं. लिडलकडे मालाचं मूल्य खरेदी किमतीला धरायची रीत, सॉफ्टवेअरची रीत विक्री किमतीची. लिडलनं आपली रीत सोडली नाही, सॉफ्टवेअरच बदलायला लावलं. सात वर्षांनी, 2018 मध्ये, प्रकल्प गुंडाळला, तोवर सुमारे पन्नास कोटी युरो गेल्याच्या बातम्या होत्या. त्यांना ते परवडलं. तुमची एखादी पद्धत खरोखर तुमच्या धंद्याचा कणा असेल तर ती जपा; बाकीच्या 'आमच्याकडे असंच चालतं' सदरातल्या पद्धती सोडून द्या. गेटपासचा कागद गुलाबीच हवा म्हणून पैसे घालवू नका.

मधला एक रस्ता आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण त्यात विकायला कमी असतं. हिशेब टॅलीतच ठेवायचा. खरेदी, स्टोअर, जॉबवर्क, उत्पादन एवढंच दुसऱ्या सिस्टिममध्ये घ्यायचं आणि तिथली बिलं टॅलीत आपोआप उतरवायची. सीएंची सवय मोडत नाही, आणि स्टोअरचं काम स्टोअरमध्ये राहतं. दोन सिस्टिमच्या सांध्यावर अधूनमधून कुरकुर होते, महिनाअखेरीला दोन्हीकडचे आकडे जुळवावे लागतात. पन्नासेक माणसांच्या कारखान्याला मी तरी आधी हाच रस्ता सांगेन.

वेळ निवडताना घाई नको. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीनं 1999 मध्ये नवी सिस्टिम घाईनं, हॅलोविनच्या ऐन हंगामाच्या तोंडावर सुरू केली. माल गोदामात होता, पण सुमारे दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पोहोचल्या नाहीत. आपल्याकडे तसे दिवस म्हणजे मार्च आणि दिवाळीच्या आधीचे दोन महिने. हिशेबाचा भाग 1 एप्रिलला सुरू करणं सोयीचं, पण स्टोअरसाठी एप्रिलची वाट बघायची गरज नाही. कामाचा जोर कमी असेल तो महिना धरा, एका रविवारी सगळा माल मोजा आणि सुरू करा. जुनं चलनबुक दोन महिने सोबत चालू द्या, त्याहून जास्त नको. नाहीतर लोक जुन्यातच लिहीत राहतात आणि नवीन फक्त साहेबांना दाखवायला उरतं.

करारात काही गोष्टी लिहून घ्या. उद्या संबंध तुटले तर सगळा डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळणार? वार्षिक देखभालीचा खर्च दरवर्षी किती वाढणार? बॅकअप तुमच्या हातात की फक्त त्यांच्या? खासगी मर्यादित कंपनी असाल तर केलेल्या बदलांची नोंद ठेवणारा आणि बंद करता न येणारा एडिट लॉग सॉफ्टवेअरमध्ये असणं 1 एप्रिल 2023 पासून बंधनकारक आहे. पुतण्यानं घरी बनवलेली स्वस्त सिस्टिम घेताना हे आधी तपासा. उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइस थेट तिथूनच निघतं का, हेही.

आणि डेमोचा दिवस तुमच्या मर्जीनं चालू द्या. विकणारा स्वतःचा नमुना दाखवतो, त्यात माल कधी रिजेक्ट होत नाही आणि जॉबवर्कर कधी अर्धा लॉट ठेवून घेत नाही. तुमचा गेल्या महिन्यातला सर्वांत गचाळ जॉब काढा. वर सांगितलेल्या पिनांसारखा, चलनांसकट. की-बोर्डवर विकणाऱ्याला बसवू नका, तुमच्या स्टोअरवाल्याला बसवा. बार आल्यापासून रिजेक्शन परत येईपर्यंतची प्रत्येक नोंद त्याला करू द्या, विकणाऱ्यानं फक्त तोंडी सांगायचं. शेवटी विचारा: प्लेटिंगवाल्याकडे आज किती नग आहेत? उत्तर पडद्यावर आलं तर भावाचं बोलायला बसा.