संयमाची किंमत पाऊण लाख!

छायाचित्रणाच्या बाजारपेठेत गेली काही वर्षे उलटी गंगा वाहते आहे. फिल्मचा रोल मागे पडून डिजिटल कॅमेरा आला, तेव्हा कौतुक झाले ते दोन सोयींचे. काढलेले छायाचित्र तत्क्षणी दिसते आणि कितीही काढली तरी खर्च वाढत नाही. आता नेमक्या याच सोयी काढून घेतलेले कॅमेरे चढ्या किमतीला विकले जात आहेत आणि ग्राहक ते हौसेने घेत आहेत. जपानच्या फुजीफिल्म कंपनीने मे २०२५मध्ये जाहीर केलेला 'एक्स हाफ' हा त्याचा बोलका नमुना. जाहीर झाला तेव्हा अमेरिकेतील त्याची किंमत सुमारे ८५० डॉलर, म्हणजे पाऊण लाख रुपयांच्या घरात होती. त्यातील 'फिल्म कॅमेरा' ही व्यवस्था सुरू केली की ३६, ५४ किंवा ७२ छायाचित्रांचा 'रोल' ठरतो. तो संपेपर्यंत काढलेले काहीही पाहता येत नाही आणि प्रत्येक छायाचित्रानंतर एक खटका ओढावा लागतो. आत पुढे सरकण्याजोगी फिल्म अर्थातच नाही! जर्मनीच्या लायका कंपनीने तर २०२४च्या 'एम ११-डी'मधून मागचा पडदाच काढून टाकला आणि नऊ हजार डॉलरांहून अधिक किंमत लावली.

याला श्रीमंतांचे खूळ म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. ज्या घरांत एके काळी छत्तीसचा एकच रोल सहलीला, मुंजीला आणि उरलाच तर गौरी-गणपतीला पुरवला जाई, त्या घरांना यामागची ओढ सहज कळेल. शेवटची दोन छायाचित्रे आजीसाठी राखून ठेवलेली असत. स्टुडिओतून पाकीट येईपर्यंत काय निघाले असेल याची हुरहूर असे. छायाचित्र महाग होते म्हणून बटण दाबण्यापूर्वी माणूस नीट पाहत असे. आज टिपणे आधी होते आणि पाहणे बहुधा होतच नाही. त्या जुन्या क्रमाची भूक खरी आहे.

या शिस्तीची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची रोज थोडी थोडी फिल्म टिपत महिनाभराने 'अंकुराची वाढ' उभी केली. ती दाखवून त्यांनी भांडवल मिळवले. फिल्मला छिद्रे पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम घरात सरस्वतीबाई करीत. तेथे संयम हा कोणा कंपनीने पुरवलेला पर्याय नव्हता. एक चौकट वाया गेली तर गेलीच. नव्या कॅमेऱ्यातील टंचाई मात्र कळ फिरवली की संपते. फरक आहे तो येथे.

हा फरक अधिक स्पष्टपणे पाहायचा तर मुंबईतील गोवंडीकडे पाहावे. या भागाचे नाव वृत्तपत्रांत येते ते बहुधा देवनारच्या कचराभूमीमुळे. येथील नटवर पारेख कंपाउंड ही प्रकल्पबाधितांची पुनर्वसन वसाहत. इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या की खालच्या मजल्यांवर ऊन दुर्मीळ. फेब्रुवारी २०२३मध्ये याच वसाहतीत 'गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल' झाला आणि वस्तीतील तरुणांनी कलावंतांच्या मार्गदर्शनाखाली छायाचित्रण, नाट्य, रॅप अशा कलांत तयारी करून आपला परिसर लोकांपुढे मांडला. छायाचित्रण म्हणजे अखेर प्रकाशाचा हिशेब. ज्या गल्लीत ऊन क्षणभर उतरते, तेथील मुलाला तो हिशेब खटका ओढून शिकावा लागत नाही. महापालिकेच्या सफाई कामगारांचे जिणे कृष्णधवल छायाचित्रांतून मांडणारे आणि २०१६मध्ये पद्मश्रीने गौरवले गेलेले सुधारक ओलवे यांचे काम पाहतानाही, कॅमेरा कोणता होता हा प्रश्न मनात उमटत नाही.

कॅमेरा विकणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. भूक दिसली की दुकान उघडतेच. परंतु एकादशीचा उपवास करण्यासाठी कोणी महागडे रिकामे ताट विकत आणत नाही, संकल्प पुरतो. पुढच्या सहलीला निघताना घरातील एकानेच, हातातल्याच मोबाईलवर छत्तीसच छायाचित्रे काढावीत, परतेपर्यंत ती पाहू नयेत आणि नंतर निवडक चार-पाच छापून घ्यावीत. खर्च छपाईपुरताच. अवघड जाईल ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जेव्हा मुले म्हणतील, "बाबा, दाखवा ना कसा आलाय!"