तीन बेटे आणि नीरेकाठचा ऊस

लहान मुलखाचे भवितव्य त्याची माती आणि त्याचे आभाळ ठरविते, मनुष्याच्या हाती त्यात थोडेच असते, अशी एक समजूत आपल्या लोकांत खोल रुजलेली आहे. ही समजूत आळसास सोयीची असल्यामुळेच टिकून राहिली आहे, असे आमचे मत आहे. नीरेकाठच्या सांगवीत तरी तिला थारा मिळावयास नको होता. वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या ह्या पट्ट्यात आज दृष्टी पोचेल तेथवर ऊस दिसतो, तो आभाळाच्या कृपेने नव्हे. 1885 साली नीरा डावा कालवा वाहू लागला, वरच्या अंगास भाटघरचे धरण उभे राहिले, पाडेगावच्या संशोधन केंद्राने 1932 पासून उसाच्या जाती पारखून दिल्या आणि पुढे शेतकऱ्यांनी सहकारी कारखाने काढले, म्हणून तो दिसतो. जेथे निसर्गाने बाजरी नेमून दिली होती तेथे राज्यकारभाराने व उद्योगाने ऊस आणला. मग त्या उसापासून कोणाचे किती भले व्हावे, हेही राज्यकारभाराच्याच अखत्यारीतले नाही काय? ह्या प्रश्नाच्या विचारासाठी आम्ही आज वाचकांस जरा दूर, हिंदी महासागरात, नेणार आहोत.

मादागास्करच्या पूर्वेस मॉरिशस व रेयुनियों ही दोन बेटे एकमेकांपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहेत, आणि त्यांच्या बऱ्याच उत्तरेस सेशेल्स हा शंभरावर बेटांचा पुंजका आहे. मॉरिशसचे क्षेत्रफळ, त्याच्या दूरच्या लहान बेटांसह, सुमारे 2,040 चौरस किलोमीटर आहे. बारामती व इंदापूर हे आमचे दोन तालुके एकत्र केले तर ते त्याहून मोठे भरतात. रेयुनियों सुमारे 2,512 चौरस किलोमीटरचे, आणि सेशेल्सची सारी जमीन मिळून पाचशेही भरत नाही. सेशेल्सची मुख्य बेटे ग्रॅनाइटची आहेत. पहिली दोन मात्र ज्वालामुखीच्या पोटातून आलेली. मॉरिशसचा अग्नी केव्हाच निवाला, रेयुनियोंचा अद्याप जागा आहे. भूशास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्थानावरून लाव्हा उसळून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला, तेच स्थान आज रेयुनियोंच्या खाली आहे. तेव्हा सांगवीत विहीर खणताना जो दगड लागतो त्याचे आणि ह्या बेटांच्या दगडाचे नाते भावकीचे आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. मॉरिशसच्या उसाच्या शेतांत असे काळे धोंडे वेचून रचलेले ढीग आजही उभे आहेत. ते वेचणारे हात कोणाचे होते, हे पुढे येईलच.

ऊस ह्या भागात डचांनी 1639 साली जावाहून आणला. त्याचा मोठा पसारा फ्रेंच व इंग्रज अमदानीत झाला. 1810 साली इंग्रजांनी दोन्ही बेटे फ्रेंचांकडून जिंकली, आणि 1814 च्या पॅरिसच्या तहात चांगले बंदर असलेले मॉरिशस आपल्याकडे ठेवून, तसे बंदर नसलेले रेयुनियों फ्रान्सला परत दिले. दगड तोच, वादळे तीच, पीक तेच. भेद पडला तो दूरदेशीच्या मेजावर. भूगोल व राज्यकारभार ह्यांपैकी कशाचे वजन किती, हे पाहण्यास इतका सोयीचा दाखला क्वचितच मिळेल.

प्रथम रेयुनियों पाहू. त्या बेटाच्या काही भागांस पाण्याची ददात अशी ठाऊकच नाही. तेथील फॉक-फॉक ह्या उंचवट्यावर जानेवारी 1966 मध्ये चोवीस तासांत 1,825 मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे आमच्याकडे साडेतीन वर्षांत पडतो तेवढा एका दिवसात. 1946 साली हे बेट वसाहत न राहता फ्रान्सचा जिल्हा झाले. तेथील लोक पॅरिसच्या संसदेत आपले प्रतिनिधी धाडतात, युरो खर्चतात, आणि फ्रेंच नागरिकास मिळणारे औषधपाणी व निवृत्तिवेतन त्यांस मिळते. हे लहानसहान लाभ नव्हेत. परंतु उसाची मिळकत पॅरिस व ब्रसेल्स ह्यांच्या अनुदानावर उभी आहे, साखरेचे कारखाने दोनच उरले आहेत, बेकारीचे प्रमाण फ्रान्सच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे, आणि 2022 च्या सरकारी पाहणीप्रमाणे खाण्याचे जिन्नस मूळ फ्रान्सपेक्षा सुमारे 37 टक्क्यांनी महाग पडतात. 2018 च्या अखेरीस महागाईविरुद्ध लोकांनी रस्ते अडवून सारे बेट कित्येक दिवस ठप्प केले होते. पोट भरते, पण ते कोणी भरावे हे आपल्या हाती नाही, अशी ही स्थिती आहे. अनुदानाच्या घोषणेकडे डोळे लावून बसण्याची सवय ज्या शेतकऱ्यास लागली आहे, त्यास ती अपरिचित वाटणार नाही.

सेशेल्सविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, तो 1976 साली स्वतंत्र झाला, पुढच्याच वर्षी तेथे सत्ता बळाने उलथली गेली, आणि मग दीड दशक एकाच पक्षाचा अंमल राहिला. लोकवस्ती लाखाच्या आसपास. उपजीविका परदेशी पाहुणे आणि ट्यूना मासळी ह्यांवर. 2008 साली ह्या देशास आपले कर्ज फेडणे अशक्य झाले व सावकारांपुढे हात टेकावे लागले. उसाऐवजी प्रवासी आले म्हणजे परावलंबन गेले असे होत नाही, एवढाच त्याचा येथे उपयोग.

मॉरिशसची गोष्ट मात्र विस्ताराने सांगण्यासारखी आहे. 1961 साली जेम्स मीड ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने ह्या बेटाची पाहणी करून मोठा निराशेचा अहवाल दिला: लोकसंख्या झपाट्याने वाढते आहे, पीक एकच, शेजारी कोणी नाही. (मीडसाहेबांवर अन्याय नको, मजुरांस काम देणारे उद्योग काढा, हेही त्यांनीच सांगितले होते.) 12 मार्च 1968 रोजी बेट स्वतंत्र झाले. 1970 साली निर्यातीच्या मालाचे कारखाने काढणाऱ्यांस सवलती देणारा कायदा झाला, आणि कापडाचे, विशेषतः शिवलेल्या कपड्यांचे, कारखाने उभे राहू लागले. 1975 च्या लोमे करारान्वये युरोपने वर्षास सुमारे पाच लाख टन साखर जागतिक भावाहून पुष्कळ चढ्या, ठराविक भावाने घेण्याचे मान्य केले. येथेच आमच्या मते खरी मेख आहे. हा पैसा सारा मळेवाल्यांच्या घरी गेला नाही. साखरेच्या निर्यातीवर कर होता. त्या उत्पन्नाचा हात सरकारच्या खर्चास लागला, आणि 1977 पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. मळेवाल्यांनीही काही भांडवल हॉटेलांत व कापडात घातले. पुढे युरोपने 2006 पासून चार वर्षांत भाव 36 टक्क्यांनी उतरविला आणि 2009 साली तो करारच संपविला, तेव्हा बेट बुडाले नाही. 1973 साली सुमारे सात लाख टन साखर काढणारे मॉरिशस अलीकडे अडीच लाख टनांच्या आसपास आले आहे, कारखाने तीनच उरले आहेत. ते चिपाडापासून वीज करतात व विशेष प्रतीची साखर विकतात. सुगीच्या वर्षांत पुढची तजवीज झाली नसती तर 2009 साली काय गत झाली असती, ह्याची कल्पना ज्याची त्याने करावी.

आता ते दगड वेचणारे हात. 1834 पासून 1910 पर्यंत साडेचार लाखांवर मजूर हिंदुस्थानातून करारावर ह्या बेटात नेले गेले. त्यांतले पुष्कळसे उत्तरेकडील व मद्रासकडील. पण मुंबई बंदरातून आमचे कोकणातील लोकही गेले. त्यांचे वंशज आज तेथे आपणांस मराठी म्हणवितात, गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुट्टी असते, मिरवणुकीत झाकडी नाचतात, आणि शाळेत मराठी हा विषय घेता येतो. हे ऐकून आपल्या सभांत टाळ्या पडतात. टाळ्या वाजविणाऱ्यांस आमची विनंती एवढीच की, त्या मजुरांच्या करारातील एक कलम त्यांनी जरूर ऐकावे. मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर त्याचे दोन दिवसांचे वेतन कापले जाई. त्यास तेथे दुहेरी कापणी म्हणत.

ह्या स्थितीतून ते लोक वर आले ते मळेवाल्यांच्या दयेने नव्हे. गांधीजी 1901 साली काही दिवस तेथे थांबले होते. त्यांच्याच सांगण्यावरून 1907 साली मणिलाल डॉक्टर हे वकील गेले व मजुरांचे खटले लढले. 1937 साली कारखान्यांनी ऊबा जातीच्या उसाचा भाव उतरविला. हा रेषाळ, कमी साखरेचा पण काटक ऊस लहान शेतकरीच लावीत. त्यामुळे दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसे मेली, चौकशी बसली. त्यानंतर ऊसवाला व कारखानदार ह्यांमधील वाद तोडण्यासाठी मंडळ नेमावे लागले. आणि दीर्घकाळ तेथे निघालेल्या साखरेचा 78 टक्के भाग ऊसवाल्याचा व 22 टक्के कारखान्याचा असा कायदा राहिला. इकडे गावोगावच्या बैठकांत रात्री दिव्याच्या उजेडात अक्षरे गिरविली जात होती. 1947 च्या राज्यघटनेने, जो कोणत्याही चालू भाषेत साधे लिहू-वाचू शकेल त्यास मत दिले. तेव्हा बारा हजारांच्या आतबाहेर असलेले मतदार 1948 च्या निवडणुकीस सत्तर हजारांवर गेले. ऊस तोडणाऱ्यांची नातवंडे मंत्री झाली ती ह्या वाटेने.

मॉरिशस हा काही स्वर्ग आहे असे आम्ही म्हणत नाही. चांगल्या जमिनीचा मोठा भाग अद्याप थोड्या घराण्यांच्या व कंपन्यांच्या हाती आहे. तेथील घटनेने लोकांचे चार समाज पाडून, ज्या समाजास प्रतिनिधी कमी पडले त्याच्या पराभूत उमेदवारांतून आठ जागांपर्यंत भरण्याची तरतूद केली, आणि ती अजून 1972 च्या शिरगणतीवर चालते. धर्माचे लेबल निवडणुकीत चिकटले की ते सुटता सुटत नाही, ह्याचा हा पुरावा. शिवाय स्वातंत्र्यापूर्वी, 1965 साली, इंग्रजांनी चागोस बेटे मॉरिशसपासून तोडून घेतली व 1968 ते 1973 ह्या काळात तेथील रहिवासी हुसकून लावले. 2019 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे तोडणे बेकायदा ठरविले, 2025 च्या मे महिन्यात करारावर सह्या झाल्या. परंतु त्या रहिवाशांस कोणी विचारले, हा त्यांचा प्रश्न करारानेही सुटला नाही.

आता परत सांगवीस येऊ. दर हंगामात बीड, नगर व इतर जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात व शेताकडेला कोप्या घालून राहतात. मुकादमाची उचल आधी घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता गणला जातो. आणि कोणी दुखण्यामुळे वा बाळंतपणामुळे दिवस चुकविला तर त्यास खाडा म्हणून दंड बसतो. दुहेरी कापणी आणि खाडा ह्यांत शब्दापलीकडे काय अंतर आहे, हे आम्हांस कोणी समजावून द्यावे. 2019 साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यात पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक ऊसतोड बायांनी गर्भाशय काढून टाकलेले आढळले. खाड्याच्या धाकाने शरीर कापून घेण्याची पाळी ज्या धंद्यात बायकांवर येते, त्या धंद्याच्या समृद्धीचा अभिमान आम्हांस सांगवत नाही.

आमचे काही शेतकरी बंधू म्हणतील, आमच्याच हाती काय उरते? हा प्रश्न रास्त आहे. 2013 च्या कायद्याने साखर व उपपदार्थ ह्यांच्या उत्पन्नाचा 70 टक्के भाग ऊसवाल्यास ठरविला, आणि उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असा नियम त्यापूर्वीपासून आहे. पण वजनकाटा कारखान्याचा आणि उतारा मोजणारी प्रयोगशाळाही कारखान्याचीच. तेथे त्रयस्थ तपासणी असावी, ह्या मागणीस आमचा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र ज्याने आपल्या टनाचा हिशेब मागितला, त्याने आपल्या शेतातल्या कोयत्याच्या हिशेबाविषयी मौन धरू नये.

ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यावेत व तितकीच भर शासनाने घालावी, असे ठरले आहे. मॉरिशसच्या निर्यातकराचे हे धाकटे भावंडच होय. आमची मागणी अशी की, ह्या पैशाचा हिशेब प्रत्येक कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासदांपुढे वाचला जावा, आणि टोळी ज्या गावी उतरेल त्या गावी तो खर्च झालेला दिसावा. खाड्याची वसुली कारखान्यांनी आपल्या करारांतूनच बंद करावी. बाळंतिणीस व आजाऱ्यास दवाखाना गावातला असावा. विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबर 2024 रोजी, गाळपाच्या तोंडावरच झाले. असा प्रसंग पुन्हा आला तर तोडणीवाल्यास मतासाठी गावी जाऊन येण्याची सवड पगारासह मिळावी.

आणि मुलांचे काय? गव्हाणीत पहिली मोळी पडते त्या दिवशी कारखान्यात पूजा होते, नारळ फुटतो, पुढारी येतात. त्याच दिवशी सांगवीच्या शाळेच्या गुरुजींनी व ग्रामपंचायतीच्या माणसाने हजेरीची वही घेऊन नदीकाठच्या कोप्यांवर जावे, सहा वर्षांवरील प्रत्येक मुलाचे नाव त्याच्या मूळ शाळेच्या नावासह लिहून घ्यावे, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यास वर्गात बसवावे. ह्या कामास नवा कायदा लागत नाही. दहा रुपयांतला थोडका पैसा आणि एक वही पुरते.