सांगाड्याची साक्ष

मेल्यावर सारी माणसे सारखी होतात, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. स्मशानापुरते ते खरे असेल. संशोधकाच्या टेबलावर मात्र ते टिकत नाही. जमिनीतून सांगाडा वर आला की पहिला प्रश्न येतो तो हाच: बाई की पुरुष? आणि त्याचे उत्तर पुष्कळदा हाडांऐवजी आपल्या समजुतींनीच देऊन टाकले आहे. म्हणूनच हा विषय केवळ विज्ञानशाखेचा नाही, असे माझे मत आहे.

हाडे काय सांगतात ते आधी पाहू. सर्वांत भरवशाचे हाड कमरेचे. बाळंतपणाच्या गरजेमुळे स्त्रीचा कटिबंध रुंद असतो, त्याच्या मागच्या बाजूची खाच पसरट असते. फेनिस यांनी १९६९ साली जघनास्थीच्या तीन खुणांवरून सुमारे ९६ टक्के अचूक अंदाज बांधता येतो, असे दाखविले. कवटीवरही भुवयांचा उंचवटा, कानामागचे हाड, हनुवटी पाहतात. पण वय, आहार, कष्ट आणि प्रदेश यांनुसार या खुणा बदलतात. म्हणून जाणकार 'निर्णय' न म्हणता 'अंदाज' म्हणतात. शंकेला जागा असली की कौल कुठे झुकतो? केनेथ वाइस यांनी १९७२ साली दाखवून दिले की प्रौढ सांगाड्यांच्या नोंदींत पुरुषांकडे सुमारे १२ टक्क्यांचा झुकाव आहे.

हाडांकडे न बघता शेजारच्या वस्तूंकडे बघितले, तर घोटाळा आणखी वाढतो. स्वीडनमधील बिर्का येथे १८७८ साली एक थडगे उघडले गेले. तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण आणि दोन घोडे! म्हणजे हा योद्धा पुरुषच, असे ठरून गेले. २०१७ साली डीएनएची तपासणी झाली आणि तो सांगाडा स्त्रीचा निघाला. उलट वेल्समधील पॅव्हिलंड गुहेत १८२३ साली बकलँड यांना गेरूने माखलेली हाडे व हस्तिदंती दागिने सापडले. दागिने आहेत, तर बाई असणार! ती रोमन काळातली 'तांबडी बाई' म्हणून प्रसिद्धही झाली. प्रत्यक्षात तो सुमारे ३३ हजार वर्षांपूर्वीचा तरुण पुरुष आहे.

कोणी म्हणेल, त्या काळी साधने नव्हती, त्या विद्वानांना दोष का द्यावा? दोष देऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण २०१७ नंतर काय झाले ते पाहा. ही हत्यारे खरोखर तिचीच कशावरून, हाडांची अदलाबदल तर झाली नसेल, अशा शंका निघाल्या. शंका रास्त आहेत. शस्त्रे सोबत पुरली म्हणून ती लढलीच असे सिद्ध होत नाही. परंतु तो सांगाडा पुरुषाचा समजला जात होता, तेव्हा हीच शंका इतक्या जोराने का निघाली नाही? पुराव्याचे माप दोघांना एकच हवे.

आपल्या जवळचे उदाहरण इनामगावचे. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या या वसाहतीत डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली बालके तिथे सापडली. मुलगा की मुलगी? वयात येण्यापूर्वीची हाडे याचे भरवशाचे उत्तर देत नाहीत. अशा वेळी रकाना मोकळा ठेवणे हाच प्रामाणिकपणा. आता दातांच्या एनॅमलमधील अमेलोजेनिन या प्रथिनावरून लहान मुलांचेही लिंग ओळखता येऊ लागले आहे. तोवर थांबलेले चांगले.

हा प्रश्न जुन्या थडग्यांपुरताही नाही. बेवारस सांगाडा सापडला आणि अंदाज चुकला, तर पोलीस हरवलेल्या पुरुषांच्या याद्या चाळत बसतील आणि कोणाची तरी बेपत्ता लेक यादीतच राहील.

म्हणून माझी सूचना साधी आहे. संग्रहालयातील पाटीवर 'स्त्री' किंवा 'पुरुष' एवढेच लिहू नये. ते कशावरून ठरविले, हेही लिहावे. कमरेच्या हाडावरून, डीएनएवरून, की केवळ तलवारीवरून? आणि ठरविता आले नसेल, तर 'सांगता येत नाही' असे लिहिण्यात विद्वत्तेला कमीपणा येत नाही. इतिहास लिहिणाऱ्याने एवढी सवय लावून घेतली, तरी नांगर कोणी धरला, शस्त्र कोणी उचलले, याची उत्तरे आपण खोदण्याआधीच देऊन मोकळे होणार नाही.